पील नसलेलं झाड

माझ्या बाबांना केळीशिवाय दुसरं झाड कळत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना सोडून बाकी सगळ्यांना माहीत होती.

बन्सीलाल त्यांचं नाव. रावेर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात नवव्या वर्षी त्यांच्या हातात विळा आला, तो पन्नाशीपर्यंत सुटला नाही. घड कापायचे, डोक्यावर वाहायचे, ट्रक भरायचे. पण नाव होतं ते पिलांसाठी. केळीच्या बुंध्याशी जी पिलं फुटतात त्यांतलं कुठलं राखायचं आणि कुठली काढून टाकायची, हे ते बागेतून नुसते चालत जाऊन सांगायचे आणि बागाईतदार ऐकायचे. केळ एकदाच फळते. घड उतरला की त्या खोडाचं काम संपलं. ते कापायचं, म्हणजे शेजारचं पील जोर धरतं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी घड येतो. एवढी एक रीत त्यांना पक्की ठाऊक होती आणि तिच्यावर त्यांनी चाळीस वर्षं पोट भरलं.

मग एकदा घड उचलताना कंबर गेली. आई त्याच साली वारली. बाबा मला घेऊन जळगावला आले, पिंप्राळ्याला दोन खोल्या घेतल्या आणि डाळ मिलवाल्या अभयकुमार शेठच्या बंगल्यावर माळी म्हणून लागले. त्याला चौदा वर्षं झाली. मी शिल्पा, त्यांची एकुलती एक. भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज अपडाउन करते आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांशी भांडते.

भांडण बहुतेक बंगल्यावरूनच. बाबांचा चहाचा ग्लास तिथे वेगळा, मागच्या ओट्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. बाबा म्हणायचे, "माळ्याच्या हाताले शेण राह्यते, म्हणून." मी म्हणायची, शेण धुता येतं. ते म्हणायचे, "तू गप बस व." आणि मी अजिबात गप बसायची नाही.

पण त्या घरातली लेक, विधी, मात्र त्यांची होती. बाबा लागले तेव्हा नऊ वर्षांची, दोन वेण्यांची, "बन्सीकाका, बन्सीकाका" करत त्यांच्या मागे लॉनभर फिरायची. तिची वापरलेली पुस्तकं माझ्याकडे यायची. मला ती घ्यायला जिवावर यायचं आणि तरी मी ती घ्यायची, कारण त्यांत तिनं पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली असायची. विधी पुण्याला शिकायला गेली आणि परत येताना एक ऑर्किड घेऊन आली. निळ्या काठाची पांढरी चिनी मातीची कुंडी, काठाला एक टवका उडालेला, आत माती नाहीच, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे आणि कोळसा. बाबांना हसू आवरेना. घरी येऊन मला म्हणाले, "मातीच नही त्याले! मंग खाते काय ते?"

तिनं ती कुंडी आपल्या खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आणि दोन वर्षांनी एक दिवस घरात सांगितलं, की मला दीक्षा घ्यायची आहे, जैन साध्वी व्हायचंय.

मी आमच्या घरातली, बुद्धविहारात जाणारी. संसार सोडून निघालेल्या माणसाची थोरवी मला कुणी शिकवायला नको. विधीनं जे केलं ते तिनं मनापासून केलं, यात मला शंका नाही. पण तिची आई, सज्जनबाई, यांच्याकडे त्या सगळ्या महिन्यांत कुणी पाहिलं का, हा माझा प्रश्न आहे. पौषात दीक्षा झाली. आदल्या दिवशी मिरवणूक निघाली, विधीनं रथातून आपलं सगळं वाटून टाकलं, घड्याळापासून कानातल्यांपर्यंत. दुसऱ्या दिवशी मांडवात तिचे केस उतरवले, तेव्हा ते ताटात झेलायला आईच होती. सज्जनबाईंना 'रत्नकुक्षी माता' म्हणून शाल दिली, सन्मानपत्र दिलं. मांडवाच्या कडेला बाबा उभे होते. त्यांनी ऐकलं, मागून एक बाई सज्जनबाईंच्या कानात सांगत होती, "डोळ्यांत पाणी नको हं. तिच्या वाटेत अंतराय येतो."

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. "ती बाई हासत होती, शिल्पा," म्हणाले. "येवढे केस ताटात घेऊन हासत होती. मले नही पाहवलं."

विधी गेली तेव्हा खिडकीतलं ऑर्किड भरात होतं. जांभळ्या फुलांचा वाकलेला दांडा. ती फुलं अडीच महिने टिकली. सज्जनबाई रोज सकाळी सामायिकाला, म्हणजे जपध्यानाला, तिथेच बसायच्या, त्या खोलीत. लोक यायचे, अभिनंदन करायचे, त्या हात जोडायच्या. होळीच्या सुमारास एक फूल पडलं, मग दुसरं. त्या प्रत्येक फूल उचलून एका स्टीलच्या डब्यात ठेवत होत्या. शेवटचं पडलं त्या दिवशी त्यांनी बाबांना वर बोलावलं. चौदा वर्षांत बाबा त्या जिन्यानं पहिल्यांदा वर गेले.

"बन्सीभाऊ, हे मेलं का हो?"

बाबांनी पाहिलं. पानं जाड, हिरवी, टवटवीत. दांडा पिवळा पडायला लागलेला. आणि इथे माझ्या बाबांनी तोंड उघडलं. "मरते कसं भाभी? फुलं गेली म्हंजे झाड गेलं का? पुन्हा फुलवून देतो मी तुम्हाले. शब्द देतो."

"आषाढात चातुर्मासाला महासतीजी भुसावळला जाणार आहेत," सज्जनबाई म्हणाल्या. महासतीजी म्हणजे विधीच. आता आईनंही तिला नावानं हाक मारायची नाही. "त्याआधी जळगावातून पायी विहार आहे. एक दिवस गोचरीला इथे येतील, भिक्षा घेऊन जातील. त्या दिवशी हे फुललेलं असलं पाहिजे. ती बघणार नाही, मला माहीत आहे. पण असलं पाहिजे."

"फुललेलंच राहीन," बाबा म्हणाले.

असा शब्द देताना माणसानं आपल्याला काय येतं आणि काय नाही याचा जरा तरी विचार करावा की नाही? ऑर्किड वर्षातून एकदा फुलतं. फुलं गळल्यावर त्याला काय लागतं? आठवड्यातून एकदा पाणी, कडक उन्हापासून आडोसा, वाळलेला दांडा तेवढा कापायचा, आणि थांबायचं. मुकाट्यानं थांबायचं. हे मी आज सांगतेय, कारण नंतर मी रोज भुसावळच्या गाडीत बसून फोनवर हेच वाचत होते. आधी वाचलं असतं तर? बाबांनी मला सांगितलं होतं त्या शब्दाबद्दल. मी म्हटलं, "बरं," आणि टीव्ही लावला. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही.

सज्जनबाईंनी एकच अट घातली होती. पाणी मी देईन, म्हणाल्या, आणि आतलं काही उकरायचं नाही, हलवायचं नाही. बाबांना वाटलं, बाईंचा आपल्या हातावर भरवसा नाही. ते जरा दुखावले.

एप्रिलमध्ये कळलं की साध्वींचा मुक्काम धुळ्याला आहे. सज्जनबाई आणि शेठ चार दिवस दर्शनाला गेले. पाणी द्यायचं काम आलं बाबांकडे. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना त्यांना बुंध्याशी, पानाच्या बेचक्यातून, एक हिरवट जाड कोंब बाहेर आलेला दिसला.

त्या संध्याकाळी बाबा इतके खूश होऊन घरी आले, की आल्याआल्या त्यांनी स्वतः चहा टाकला.

"पील आलं त्याले, शिल्पा! बुडाशीच. मस्त जाड पील. मी म्हणू राह्यलो होतो का नही? मंग काय, थोरलं काढून टाकलं. विळा घासून नेला होता. एकाच घावात, तिरपं, पाणी नको साचाले म्हणून. आता बठ्ठा जोर पिलाले."

माझ्या हातात कप होता. "काय काढून टाकलं?"

"थोरलं खोड. फुलून गेलं होतं ना ते."

"पानं?"

"पानं खोडालेच राह्यतात ना व."

मी फोन काढला. चित्रं दाखवली, वाचून दाखवलं. बाबा, याला केळीसारखं पील नसतं. तो कोंब मुळाचा आहे, ही मुळं हवेतच फुटतात. याला एकच शेंडा असतो आणि त्याच शेंड्यातून वर्षानुवर्षं पानं येतात, दांडा येतो. हेच झाड पुन्हा फुलतं. शेंडा कापला की झाड गेलं. मी रागात होते आणि मोठ्यानं वाचत होते. वाचून झाल्यावर वर पाहिलं तर बाबा भिंतीला टेकून खाली बसले होते आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते.

"हेच पुन्हा फुलते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तेच? त्याच खोडातून?"

"हो, बाबा."

त्यांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते कुंडी पिशवीत घालून घरी घेऊन आले. बंगल्यावर सांगितलं, झाडाला कीड आहे, औषधाला नेतो. चौदा वर्षांत या माणसानं तिथून एक फूलसुद्धा न विचारता घरी आणलं नव्हतं. मी कुंडीत पाहिलं. दोन बोटं उंचीचं खोड, वरून तिरपं कापलेलं, अगदी नीट. इतक्या सफाईनं कापलेलं होतं की मला रडू आलं.

फोनवर एक बारीकशी आशा होती. शेंडा गेला तरी क्वचित कधी बुडाशी एखादा डोळा जागा होतो आणि नवं झाड फुटतं. ते क्वचित आहे, हे मी तीनदा सांगितलं. बाबांनी ते ऐकलंच नाही. त्यांना फक्त 'फुटतं' ऐकू आलं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं ते देवाला माहीत असतं, आम्ही देव मानत असतो तर. पंचेचाळीस डिग्री ऊन, पत्र्याची खोली. एकच कूलर, तो कुंडीच्या बाजूला लावला. बाबा आणि मी घामानं निथळत दुसऱ्या खोलीत. कुंडीभोवती ओलं गोणपाट. कापल्या जागी दालचिनीची पूड, कारण तसं मी कुठेतरी वाचलं. कृषी केंद्रातून आणलेलं मुळं फुटायचं औषध. बाबा दर तासाला भिंग घेऊन बघायचे. ते भिंग माझ्या शाळेच्या कंपासातलं होतं. एक दिवस ते कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं रावेरला गेले, आपल्या जुन्या टोळीतल्या सुपडू आबांना दाखवायला. आबांनी कुंडी फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "बन्सी, तुले इतकी घाई काहून झाली होती?" बाबा तसेच परत आले. परतीच्या गाडीत जागा नव्हती, भुसावळपर्यंत उभ्यानं आले, कुंडी छातीशी धरून. कंबर चार दिवस धरली होती.

आणि रोज बंगल्यावर तोच प्रश्न. सज्जनबाई ओट्यावर येऊन उभ्या राहायच्या.

"कसं आहे हो?"

"दम धरू राह्यलं, भाभी."

"आणा की मग परत. निदान कुंडी तरी आणा."

"आणतो. कीड गेली का आणतो."

घरी आल्यावर बाबा मला म्हणायचे, "आज बी खोटं बोललो." रोज म्हणायचे. मी म्हणायची, मग खरं सांगा ना. "सांगतो," म्हणायचे, "डोळा फुटू दे. मंग सांगतो."

मे महिन्यात एकदा सज्जनबाई स्वतः आमच्याकडे आल्या. रविवार होता. गल्लीत गाडी शिरेना, म्हणून कोपऱ्यापासून पायी आल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि कुंडी उचलून न्हाणीघरात ठेवली, वर बादली पालथी घातली. बाबा दूध आणायला गेले होते. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. घामाघूम. त्यांच्या पर्समध्ये उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली होती, त्यातलेच दोन घोट प्यायल्या.

"शिल्पा, कुंडी कुठे आहे गं?"

"बाबांनी दाखवायला नेलीये. रावेरला. तिथे एक माहीतगार आहेत."

"बरं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कूलर रिकाम्या कोपऱ्याकडे तोंड करून चालला होता, त्याच्यासमोर ओलं गोणपाट पडलं होतं. त्यांनी ते पाहिलं, असं मला आजही वाटतं. "त्यांना सांग, झाडाचं काही झालं तरी चालेल. कुंडीतलं काही फेकू नका म्हणावं. एक तुकडासुद्धा."

मला वाटलं, मोठ्या लोकांचे चोचले. सालीचे तुकडे फेकू नका म्हणे. त्या गेल्यावर मी बादली उचलली. खोड तसंच होतं, फक्त थोडं तपकिरी झालेलं.

जूनमध्ये तारीख कळली. ज्येष्ठ वद्यातला बुधवार, साध्वी सकाळी गोचरीला येणार. खोड आता मऊ पडलं होतं. मी ठरवलं की हे पुरे झालं. नाशिकच्या एका नर्सरीवाल्याला फोटो पाठवला आणि तसंच जांभळं ऑर्किड मागवलं, फुललेलं. ते मंगळवारी खोक्यातून आलं. इतकं हुबेहूब, की बाबा दचकले.

"जुन्या कुंडीत हे लावा," मी म्हणाले. "उद्या सकाळी नेऊन ठेवू. तुमचा शब्द राहील, त्यांची खिडकी राहील. कुणाचं काय बिघडतं?"

बाबा म्हणाले, "नही व. पटत नही." मी भांडले. मी म्हणाले, तुम्ही त्या बाईंचं झाड मारलंत, आता निदान त्यांना हे तरी कळू देऊ नका. हे शब्द माझ्या तोंडून गेले. बाबा उठले आणि जुनी कुंडी पुढ्यात ओढली. खोड उपटून बाजूला ठेवलं. मग सालीचे तुकडे ओंजळीनं काढून वर्तमानपत्रावर ठेवायला लागले, एक तुकडासुद्धा न सांडता, कारण तसा निरोप होता.

अर्ध्यावर गेल्यावर त्यांचा हात थांबला.

तळाशी, कोळशावर, पांढऱ्या मलमलीची एक पुरचुंडी होती. ओली, मुळं तिच्यातून आरपार गेलेली. एका बाजूनं कापड सुटलं होतं आणि तिथून केसांची एक बट बाहेर आलेली. काळी, लांब, वेणीचा पीळ अजून न मोडलेली.

बाबांनी पुरचुंडीला हात लावला नाही. हात हवेतच धरून बसले. "ताटातले," शेवटी म्हणाले. "ताटातले आहेत हे. तिची माय पाणी यालेच घालू राह्यली होती."

मग त्यांनी साल जशी काढली तशी परत भरली. वर ते मेलेलं खोड लावलं, सरळ उभं केलं, बोटांनी दाबलं. नाशिकच्या झाडाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"उद्या मी सांगून टाकतो," म्हणाले. "काय व्हायचं ते होऊ दे."

मी तरीही सकाळी ते नवं झाड बरोबर घेतलं. वाटलं, ऐनवेळी बाबांचं मन बदललं तर असावं. स्कूटीवर पुढे पायाशी ते, मागे बाबा, त्यांच्या मांडीवर पिशवीत कुंडी.

बंगल्यात बायकांची गर्दी होती. फाटकापासून दारापर्यंतची वाट कोरडीठाक. साध्वींचा पाय पाण्यावर आणि हिरव्यावर पडू नये म्हणून बाबांनी दोन दिवस तिथे पाणी मारलं नव्हतं, वाटेवर आलेलं गवत आधीच काढलं होतं. आम्ही मागच्या बाजूला, ओट्यापाशी उभे राहिलो. साडेनऊला त्या आल्या. तिघी, पांढऱ्या वस्त्रांत, तोंडावर मुहपत्ती, अनवाणी. मधली विधी. मी तिला चालण्यावरून ओळखलं. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. ती बारीक झाली होती आणि शांत दिसत होती, खरंच शांत. मला तिचा राग धरायचा होता, तो मला धरता आला नाही.

बाबांच्या तोंडून निसटलं, "विधीबेटा."

ती थांबली. मान वर केली नाही. उजवा हात जरासा उचलला, तळवा त्यांच्याकडे, जसा सगळ्यांसाठी उचलायचा असतो तसा, आणि पुढे गेली.

स्वयंपाकघराची खिडकी ओट्यावर उघडते, त्यामुळे आम्हाला दिसलं. सज्जनबाईंनी फुलके वाढले, भाजी वाढली. पोटच्या पोरीच्या पात्रात. विधीनं दोनदा "बस" म्हटलं, आणि सज्जनबाई तिसऱ्यांदा वाढायला गेल्या, तेव्हा तिनं पात्र झाकलं. साध्वींनी आशीर्वादाचं मांगलिक म्हटलं. पंधरा मिनिटांत त्या निघाल्यासुद्धा. फाटकाबाहेर पांढरी वस्त्रं वळेपर्यंत सज्जनबाई हात जोडून उभ्या होत्या. बायका म्हणत होत्या, "धन्य आहात तुम्ही!" त्या हसत होत्या.

मग त्या हसतच ओट्यावर आल्या आणि माझ्या हातात झाड दिसलं.

"फुललं!" त्या म्हणाल्या. "अगं बाई, फुललं की!" आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, बाबांनी आता गप्प बसावं. आयुष्यात एकदा, माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी गप्प बसावं. एक क्षण ते गप्प होतेही.

"ते नव्हे हे, भाभी," बाबा म्हणाले. "हे नाशिकचं आहे. तुमचं हे आहे."

त्यांनी पिशवीतून कुंडी काढली आणि ओट्यावर ठेवली. तपकिरी, मऊ पडलेलं, वीतभरही नसलेलं खोड.

"मीच कापलं. मले वाटलं, केळीसारखं असीन. थोरलं काढलं म्हंजे पिलाले जोर येईन. याले पील नही राहत, हे मले मालूम नव्हतं. दोन महिने मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही धुळ्याले गेल्या होत्या तेव्हाच..." चौसष्ट वर्षांचा माणूस, दोन्ही हात पुढे धरून उभा, जसं काही कुणी त्यांवर छडी मारणार आहे.

सज्जनबाई खाली बसल्या, ओट्याच्या कडेला, बाबांच्या त्या पालथ्या ग्लासाशेजारी. कुंडी ओढली. बोटं सालीत खुपसली, खोल, मनगटापर्यंत. आत काहीतरी चाचपडलं. सापडलं असावं, कारण हात तिथेच राहिला.

"तुम्ही पाहिलंत?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"काल पाह्यलं. हात नही लावला."

त्यांनी मान हलवली. मग त्या खोडाकडे पाहिलं, त्या तिरप्या कापाकडे. त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज आला. मी असा आवाज हॉस्पिटलांतही ऐकलेला नाही. पौषापासून आत कोंबलेलं सगळं एकदम वर आलं. कुंडीवर वाकून, कपाळ त्या निळ्या काठाला टेकवून त्या रडायला लागल्या, हंबरडा फोडून, अंग हलवून. "गेलं माझं, बन्सीभाऊ, गेलं हो माझं, आता कुठून आणू मी, कुठून आणू!"

आतल्या बायका धावत आल्या. दारात थबकल्या. एकीनं घाबरून विचारलं, "काय झालं? महासतीजी बऱ्या आहेत ना?" दुसरी पुढे झाली, तिला मी ओळखत नव्हते, पण बाबांनी ओळखलं, मांडवात कानाशी बोलणारी तीच. "सज्जन, अगं आज तरी डोळ्यांत पाणी नको..."

"झाडासाठी रडू राह्यल्या त्या," बाबा मोठ्यानं म्हणाले. ते तिच्या आणि सज्जनबाईंच्या मध्ये जाऊन उभे राहिले. "त्याहिचं झाड मेलं. माझ्या हातून मेलं."

त्या बाईनं वाकून कुंडीतलं खोड पाहिलं. "झाड होय," ती म्हणाली आणि तिचा जीव भांड्यात पडला. "मग रडू द्या. झाडाचं काही नाही."

आणि मग सज्जनबाईंना कुणीच अडवलं नाही. ऊन ओट्यावर येईपर्यंत त्या रडत होत्या.